ऐकून शिकलेल्या सांबाला अनावृत पत्र

प्रिय सांबा,



तुझं नावही ज्यांच्या कानावर आलेलं नाही, अशी माणसं रोज सकाळी तुझ्या भरवशावर कामाला बसतात. कचेरीत राउटरशेजारी दिवा लुकलुकत असलेला, सगळ्यांच्या फाइली ठेवणारा ‘नॅस’चा डबा असतो. त्याच्या पोटात बहुधा लिनक्स असतं आणि त्यावर तू, वेगवेगळ्या यंत्रांना एकाच जागच्या फाइली उघडून देणारा प्रोग्रॅम. घरातल्या राउटरला मागून हार्डडिस्क जोडली की ती सगळ्यांना दिसू लागते, तिथेही बरेचदा तूच असतोस. विंडोजवर बसलेल्याला वाटतं, पलीकडे दुसरं विंडोजच आहे. मॅकवाल्याला डावीकडच्या रकान्यात एक नाव दिसतं, त्यावर क्लिक केलं की फोल्डर उघडतो. पलीकडे नेमकं कोण आहे, हे विचारायची वेळ कोणावर येत नाही.

मी पुण्यातल्या एका लहान प्रकाशनाचे संगणक सांभाळते. आमच्याकडे अक्षरजुळणी विंडोजवर होते, कारण मराठी डीटीपीचे जुने फॉन्ट आणि त्यांचे कीबोर्ड तिथेच रुळलेले. मुखपृष्ठं मॅकवर होतात. मुद्रितं तपासणाऱ्यांकडे लिनक्सचे लॅपटॉप आहेत, कारण तपासणीला लिब्रेऑफिस पुरतं आणि त्याचा परवाना विकत घ्यावा लागत नाही. यंत्रं तीन जातींची आणि पुस्तक एकच. ते पुस्तक ज्या फोल्डरमध्ये असतं, तो फोल्डर तू सांभाळतोस. पेनड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा बंद झाला तो तुझ्यामुळे, आणि शेवटची प्रत कोणाच्या यंत्रावर आहे, हा प्रश्न बंद झाला तोही तुझ्यामुळेच.

तुझे आभार तर मानायचेच आहेत. पण पत्र जाहीर लिहिते आहे ते एक गोष्ट चारचौघांत सांगायची आहे म्हणून. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलावं, ही कोणत्याही कंपनीची मेहेरबानी नाही. फाइली ज्याच्या, त्याचा तो हक्क आहे. हा हक्क तू आधी ऐकून मिळवलास आणि मग न्यायालयात. तो आम्हाला आयता मिळाला, आणि आयत्या मिळालेल्या गोष्टीशी माणसं वागतात तसेच आम्ही त्याच्याशी वागतो आहोत.

तुझा जन्म कसा झाला हे आमच्या मुलांना कॉम्प्युटरच्या वर्गात कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. १९९१ चा डिसेंबर. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. त्याच्याकडे डॉसवर चालणारा पीसी होता आणि विभागात सन कंपनीची युनिक्स यंत्रं. डिजिटल कंपनीचं एक नवं सॉफ्टवेअर त्याला वापरून बघायचं होतं. ते चालायचं त्याच कंपनीच्या ‘पाथवर्क्स’ या नेटवर्कवर, आणि पाथवर्क्सचा सर्व्हर मिळायचा तोही फक्त डिजिटलच्याच यंत्रांसाठी. म्हणजे नवं सॉफ्टवेअर हवं असेल, तर सनच्या यंत्रांवरच्या फाइलींवर पाणी सोडा. त्याने सोडलं नाही. विभागात डिजिटलचं एक यंत्र होतं. ते आणि पीसी यांच्यात तारेवरून काय जातं-येतं ते त्याने टिपून घेतलं, प्रत्येक बाइटचा अर्थ लावत बसला, आणि तसंच उत्तर देणारा प्रोग्रॅम सनच्या यंत्रासाठी लिहिला. तोवर त्याने नेटवर्कचा एकही प्रोग्रॅम लिहिलेला नव्हता. १९९२ च्या जानेवारीत पहिली आवृत्ती त्याने लोकांना देऊन टाकली.

आपण ऐकलेली ही बोली नेमकी कोणाची, याचाही त्याला तेव्हा पत्ता नव्हता. ती होती एसएमबी. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉमने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती बांधली होती आणि पुढे मायक्रोसॉफ्टने आपलीशी केली होती. जवळपास दोन वर्षांनी बायकोचा पीसी स्वतःच्या लिनक्स यंत्राला जोडायची गरज पडली, तेव्हा ट्रिजेल त्या जुन्या प्रोग्रॅमकडे परतला, आणि तो डिजिटलपुरता नाही हे कळलं. आधी ठेवलेलं नाव दुसऱ्या एका कंपनीचं निघालं, म्हणून त्याने एस, एम आणि बी ही अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द संगणकातल्या शब्दसूचीत शोधले. त्यातून तुला तुझं नाव मिळालं.

ही पद्धत समजावताना ट्रिजेल फ्रेंच कॅफेचं उदाहरण देतो. फ्रेंच शिकायची आहे, पण व्याकरण नाही, शब्दकोश नाही, शिकवणारं कोणी नाही. मग कॅफेत जाऊन बसायचं. शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक काय म्हणतं आणि त्यावर वेटर काय आणून ठेवतो, ते बघत राहायचं. पुष्कळ बसलं की कोणत्या शब्दाला कॉफी येते आणि कोणत्या शब्दाला बिल, हे कळायला लागतं. मग हळूहळू आपणही मागून बघायचं. तुझी माणसं वर्षानुवर्षं हेच करत आली. विंडोजला एक विनंती पाठवायची, येणारं उत्तर किंवा त्रुटीचा क्रमांक टिपायचा, विनंतीतला एक आकडा बदलायचा, पुन्हा पाठवायची. यात कोणाचा कोड चोरलेला नाही की कोणाचं कुलूप तोडलेलं नाही. समोरचा उघडपणे जे बोलतो आहे तेवढंच ऐकलं, पण फार लक्ष देऊन ऐकलं. संगणकशास्त्रातली इतकी सभ्य आणि इतकी चिवट कामगिरी मला दुसरी माहीत नाही.

पण ऐकून शिकण्यालाही मर्यादा असते. विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, आणि कचेरीतल्या प्रत्येक माणसाची ओळख, पासवर्ड, अधिकार सगळं तिच्यात गुंफलं गेलं. नुसत्या फाइली देणं-घेणं तुला जमत होतं. या गुंत्यात शिरायला मात्र कागदपत्रं हवी होती, आणि ती मायक्रोसॉफ्ट देत नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २४ मार्च २००४ रोजी आयोगाने निकाल दिला. ४९.७ कोटी युरो दंड झाला, आणि विंडोजशी नीट बोलता यावं यासाठी लागणारी माहिती इतरांना द्या, असा आदेशही झाला. मायक्रोसॉफ्ट न्यायालयात गेली. मोठमोठ्या कंपन्यांनी मधल्या काळात तडजोडी करून अंग काढून घेतलं. तुझी माणसं आणि युरोपातली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मात्र लक्झेंबर्गच्या न्यायालयात शेवटपर्यंत उभी राहिली. १७ सप्टेंबर २००७ रोजी निकाल आयोगाच्या बाजूने लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, एकदाच भरायच्या १०,००० युरोंवर, ती कागदपत्रं तुझ्या माणसांच्या हाती आली. ती अभ्यासून, त्याप्रमाणे लिहून, तुझी चौथी आवृत्ती बाहेर पडायला आणखी पाच वर्षं लागली. ११ डिसेंबर २०१२ पासून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा कारभारही तू पाहू शकतोस.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. तुझ्या मूळ घडणीतला जेरेमी अ‍ॅलिसन नॉव्हेल कंपनीत नोकरीला होता. २००६ मध्ये नॉव्हेलने मायक्रोसॉफ्टशी पेटंटचा करार केला. तो करार तुझ्या खुल्या परवान्याच्या भावनेविरुद्ध आहे असं सांगून त्याने राजीनामा दिला. फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रॅमपायी चांगली नोकरी सोडणारा माणूस असतो, हे आमच्या क्षेत्रातल्या तरुणांना ठाऊक असायला हवं.

आणि हेही तितकंच खरं की कडवटपणा टिकला नाही. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांकडून तुझ्यासाठी कोड आला. आज एसएमबीची सविस्तर कागदपत्रं मायक्रोसॉफ्ट सगळ्यांना खुली ठेवते. दोन्हीकडचे अभियंते आपापली यंत्रं घेऊन एका खोलीत बसतात आणि एकमेकांशी बोलणं नीट जमतं का ते तपासतात. जे आधीपासून असायला हवं होतं, ते वीस वर्षांच्या भांडणानंतर झालं. तरी झालं.

आता तुझ्या रोजच्या कामाबद्दल. ते किती कठीण आहे हे मला जवळून बघायला मिळतं, आणि बाहेरून ते अजिबात दिसत नाही.

एखादं यंत्र ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर तुझ्याशी बोलू लागतं, तेव्हा पहिला प्रश्न बोलीचाच असतो. मला २.१ येते, ३.० येते, ३.१.१ येते, असं ते सांगतं; दोघांनाही येणारी सगळ्यात नवी बोली तू निवडतोस. मग समोरचा माणूस कोण हा प्रश्न, मग कोणता फोल्डर, आणि मग कुठे फाइल. इथवर सरळ आहे. खरी कसोटी पुढे लागते, कारण फाइल म्हणजे काय यावरच या यंत्रांचं एकमत नाही.

रोमन लिपीतल्या नावांचंच बघ. युनिक्सच्या लेखी मोठं अक्षर वेगळं आणि लहान अक्षर वेगळं. विंडोजच्या लेखी दोन्ही एकच. त्यामुळे विंडोजने विचारलं, की अमुक नावाची फाइल आहे का, आणि ती नसली, तर ‘नाही’ एवढंच सांगण्यासाठी तुला तो अख्खा फोल्डर चाळावा लागतो. हेच नाव कोणी लहान-मोठ्या अक्षरांच्या वेगळ्या मिश्रणात ठेवलेलं असू शकतं ना! शंभर फाइलींच्या फोल्डरमध्ये हे जाणवत नाही. स्कॅन केलेल्या जुन्या अंकांची पन्नास हजार पानं एकाच फोल्डरमध्ये ओतली, की प्रत्येक नवी फाइल ठेवताना तू मंदावतोस. लोक म्हणतात नेटवर्क स्लो झालं, आणि नवा स्विच विकत आणतात. स्विचचा यात काही संबंध नाही. वर्षावर्षाचे, अंकाअंकाचे पोटफोल्डर करा, फरक लगेच दिसेल.

कुलपांचंही तसंच. युनिक्सवर दोघांनी एकच फाइल एकाच वेळी उघडून लिहायला घेतली, तर यंत्र सहसा कोणाला अडवत नाही. विंडोजमध्ये फाइल उघडतानाच सांगावं लागतं: मी लिहिणार आहे, तोवर दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला चालणार नाही. युनिक्सच्या गाभ्याला हे समजतच नाही, म्हणून कोणी काय उघडलं आहे आणि इतरांना किती मुभा आहे, याची नोंदवही तू स्वतः ठेवतोस. त्यासाठी तुझ्या माणसांनी एक छोटा डेटाबेसही लिहिला. वर्ड आणि लिब्रेऑफिस आपापल्या खुणेच्या लपलेल्या फाइली फोल्डरमध्ये टाकतात, पण एकाची खूण दुसऱ्याला कळेलच असा भरवसा नाही. आमच्याकडे अक्षरजुळणीवाला प्रकरण वर्डमध्ये उघडून बसलेला असतो आणि तेच प्रकरण मुद्रितशोधक लिब्रेऑफिसमध्ये उघडते. तिला ‘फक्त वाचता येईल’ असा निरोप मिळतो आणि दोघांच्या दुरुस्त्या एकमेकांवर चढत नाहीत. हा निरोप तुझ्या नोंदवहीतून आलेला असतो. मात्र कोणी सर्व्हरवरच बसून, तुला वगळून, थेट ती फाइल उघडली, तर तुझी नोंदवही त्याला अडवेलच असं नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: सर्व्हरसमोर बसलेल्यानेही फाइल तुझ्यामार्फतच उघडायची.

एक बारीकशी गोष्ट सांगून पुढे जाते, कारण ती मला फार आवडते. डॉसच्या काळापासून फाइलीला ‘बॅकअप व्हायचा आहे’ अशी एक खूण असते. युनिक्समध्ये तशी जागाच नाही. मग तू वर्षानुवर्षं ती खूण, ‘ही फाइल मालकाला प्रोग्रॅम म्हणून चालवता येईल’ या युनिक्सच्या खुणेच्या जागी ठेवलीस. विंडोजला ती जागा कधी लागणार नव्हती. आता त्यासाठी नीट वेगळी सोय आहे. पण जे उपलब्ध आहे त्यात भागवण्याची ती जिद्द बघण्यासारखी होती.

आता आमच्या मराठीचं. इथे जरा थांबते, कारण या अडचणी इंग्रजीत काम करणाऱ्याला भेटत नाहीत आणि त्यांवर मराठीत कोणी लिहीत नाही.

२००३ मध्ये तुझी तिसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर युनिकोड आला. त्यानंतर फाइलींना देवनागरीत नाव देणं निर्धास्त झालं. तरी दोन खड्डे उरले. पहिला लांबीचा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पायमोडकं चिन्ह हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ हा एक शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटांचा. म्हणजे अख्ख्या नावाला जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या डिस्कवर मर्यादा २५५ चिन्हांची आहे, बाइटांची नाही. त्यामुळे लेखाचं पूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव आणि ‘दुसरं मुद्रित दुरुस्तीसह’ असं सगळं घातलेली फाइल विंडोजवर सुखाने राहते आणि सर्व्हरवर टाकायला गेलं की नाकारली जाते. पलीकडून येणारा निरोप असा असतो की कोणालाही वाटावं, डिस्क बिघडली. नाव आखूड करा, फाइल जाते.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे आणि तो आहे ‘ऱ’ या अक्षराचा. शेतकऱ्यांची, पुढाऱ्यांची, वऱ्हाडातली, किनाऱ्यावरची. मराठीचं पान या अक्षरावाचून हलत नाही. युनिकोडमध्ये ते दोन तऱ्हांनी लिहिता येतं: सबंध एक चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. मॅकची जुनी फाइलव्यवस्था, एचएफएस प्लस, नावातला ऱ फोडून दोन चिन्हांतच साठवायची. विंडोज आणि लिनक्स नाव जसं आलं तसं ठेवतात. आता जुन्या मॅकवरचा संग्रह आरसिंक या फाइली उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने लिनक्सच्या सर्व्हरवर आणला (आरसिंकही ट्रिजेलचाच, पॉल मॅकेरासच्या साथीने लिहिलेला), की ‘वऱ्हाडी म्हणी’ ही फाइल फोडलेल्या ऱसह येते. त्याच फोल्डरमध्ये विंडोजवरून ‘वऱ्हाडी म्हणी’ नावाची फाइल साठवली, तर ती पहिलीवर चढत नाही. शेजारी जाऊन बसते. एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाच्या, दोन फाइली! एकीत दुरुस्त्या आहेत, दुसरीत नाहीत, आणि छपाईला कोणती गेली ते कळायला मार्ग नाही. शोधयंत्रात नाव टाइप केलं तर दोन्हींपैकी एकच सापडू शकते. मॅकवरून आरसिंक करताना नावांचं रूप बदलून देणारा एक पर्याय आहे, आणि एकदा साचलेला घोळ निस्तरायला नावं पुन्हा जोडून देणारे छोटे प्रोग्रॅम आहेत. पण आधी हे घडू शकतं, हे ठाऊक पाहिजे. जुने अंक, हस्तलिखितं, दप्तरं संगणकावर आणणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या संग्रहात ‘ऱ’ची नावं एकदा तपासून घ्यावीत.

सांबा, आता जे लिहायचं आहे ते तुझ्याइतकंच आम्हालाही लागू आहे.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा हल्लेखोर प्रोग्रॅम पसरला. विंडोजमधल्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत खोट होती. तिच्यावरचा उपाय दोन महिने आधी आलेला होता, पण असंख्य यंत्रांवर तो घातलेला नव्हता. ब्रिटनच्या इस्पितळांतले संगणक बंद पडले. २७ जूनला नॉटपेट्या हा तसाच दुसरा प्रोग्रॅम आला. त्याने ती खोट वापरलीच, शिवाय यंत्रांच्या स्मरणातले पासवर्ड उचलून तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोसळली आणि तिच्याबरोबर आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. उरणच्या रस्त्यावरच्या मालट्रकचा आणि युक्रेनमध्ये सुटलेल्या एका प्रोग्रॅमचा संबंध जोडला गेला तो यंत्रांच्या आपसांतल्या याच संभाषणातून. आणि तुझ्यातही खोट निघाली. २४ मे २०१७ रोजी जाहीर झालेली ती चूक २०१० च्या ३.५ आवृत्तीपासून तुझ्यात होती. लिहिता येईल असा उघडा फोल्डर मिळाला, की हल्लेखोराला तुझ्यामार्फत स्वतःचा प्रोग्रॅम चालवता येत होता. तुझ्या माणसांनी ती लपवली नाही. त्याच दिवशी दुरुस्ती दिली.

यानंतर दारं बंद होऊ लागली. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या यंत्रांवर पूर्वीसारखी आपसूक पूर्ण येत नाही. २०१९ मध्ये तूही ती बंद ठेवायला लागलास. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीत तर प्रत्येक निरोपावर सही असावी, असा आग्रह आला. हे सगळं योग्यच झालं. पण कोणी समजावून सांगितलं नाही, म्हणून आमच्याकडच्या कचेऱ्यांत गोंधळ उडाला. शेजारचे संगणक ‘नेटवर्क’मध्ये दिसेनासे झाले, कारण ती यादी जुन्या आवृत्तीच्या आधाराने बनत होती. यंत्रं जिथल्या तिथे होती. वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरचं नाव किंवा पत्ता टाइप केला की फोल्डर उघडत होता. मॅकवर ‘कनेक्ट टु सर्व्हर’मध्ये एसएमबीपासून सुरू होणारा पत्ता टाकला की उघडत होता. जुन्या झेरॉक्स यंत्रांचं ‘स्कॅन टु फोल्डर’ बंद पडलं, कारण त्यांना पहिल्या आवृत्तीखेरीज काही येत नव्हतं. आणि गल्लोगल्लीच्या दुरुस्तीवाल्यांनी एकच उपाय चालू केला: पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करून देणं.

हा उपाय नाही. एका जुन्या स्कॅनरसाठी सगळ्या कचेरीचं कुलूप काढून ठेवणं आहे. स्कॅन ईमेलने पाठवता येतं, एफटीपीने एका वेगळ्या फोल्डरात टाकता येतं, अगदी यूएसबीवरही घेता येतं.

याहून जुनी आणि याहून वाईट सवय म्हणजे ‘सगळ्यांना सगळं’. शेअर करताना ‘एव्हरीवन’ आणि ‘फुल कंट्रोल’ निवडायचं, तुझ्या सेटिंगमध्ये पाहुण्यांना परवानगी द्यायची, पासवर्ड नको कारण लक्षात राहत नाही. असा फोल्डर उघडायला सोपा असतो हे खरं. त्यात वेतनपत्रकं, लेखकांचे करार, बँकेची कागदपत्रं असतात, आणि कचेरीचं वायफाय ज्याला मिळालं त्याला ती वाचता येतात, पुसताही येतात. नेटवर्कवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती कायमची जाते, हेही अनेकांना पुसल्यावर कळतं. तुझ्याकडे यावर सोय आहे: चार ओळी लिहिल्या की पुसलेली फाइल एका वेगळ्या फोल्डरात जाऊन थांबते. सर्व्हरवर ठरावीक वेळाने फाइलव्यवस्थेची जुनी प्रतिमा ठेवली, तर विंडोजवर उजवं क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून कालचं प्रकरण परत काढता येतं. ही सोय किती कचेऱ्यांमध्ये चालू असेल? मी जिथे जिथे पाहिलं, तिथे नव्हती.

तुझ्याकडेही एक मागणं आहे. तुझी सेटिंगची फाइल ज्याला समजते त्याला फार सोपी आहे. ज्याला समजत नाही, तो इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याशा पंधरा वर्षांपूर्वीच्या ओळी चिकटवतो. त्या ओळींत पाहुण्यांना दार उघडं असतं, जुन्या आवृत्त्या चालू असतात, आणि सगळ्यांना लिहायची मुभा असते. ‘हे चालेल, पण हे धोक्याचं आहे’ असं तू आणखी मोठ्याने सांगायला हवंस. सेटिंग तपासणारी तुझी आज्ञा आहे, पण ती नव्या माणसाला सापडत नाही. आणि हे सांगणं मराठीत, हिंदीत, कानडीतही हवं. ते काम तुझ्या कॅनबेराच्या किंवा जर्मनीतल्या माणसांचं नाही, आमचं आहे. २०२४ मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने तुझ्या सुधारणांसाठी सरकारी पैसा दिला, कारण तुझ्यासारख्या सॉफ्टवेअरवर किती कारभार चालतो हे त्यांनी ओळखलं. आमची आयटीआय, आमची तंत्रनिकेतनं आणि आमची ग्रंथालयं यांनाही तू उपयोगी पडू शकतोस. तिथल्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांच्या हातून एक लिनक्सचा सर्व्हर, एक विंडोज आणि एक मॅक जोडून घेतला जावा. प्रत्येकाला स्वतंत्र नाव, स्वतंत्र पासवर्ड, आणि कोणत्या फोल्डरात कोणी लिहायचं याचा विचार त्यांनीच करावा.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या कचेरीत असा डबा आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती: या आठवड्यात त्याची सेटिंग उघडा. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद आहे का ते पहा. पाहुण्यांचा प्रवेश बंद करा. प्रत्येक माणसाला त्याचं नाव आणि पासवर्ड द्या. पुसलेल्या फाइली थांबवणारी सोय चालू करा, आणि बॅकअप त्या डब्याबाहेर, वेगळ्या ठिकाणी घ्या. ४४५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटच्या बाजूने उघडं नाही, एवढं तुमच्या इंटरनेटवाल्याकडून खात्री करून घ्या.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
एका प्रकाशनाचे संगणक सांभाळणारी